सतराव्या जागेची कात्री

साळुबाईचा आवाज काढायचा तर आधी नाकपुड्या फुगवाव्या लागतात. मग जीभ टाळूला लावून एक 'च्यॅक' करायचं. समोरच्या बाईकडे बघायचंच नाही, तिच्या हातातल्या द्राक्षाच्या घडाकडे बघायचं आणि बोलायचं ते घडाशी. "कुणाच्या हातात सापडलास रं बाबा? तुझं नशीबच फुटकं." एवढ्यावर बाई रडली तर ठीक. नाही रडली तर पुढचं वाक्य तयार असायचं, आणि ते बाईच्या सासूपर्यंत जायचं.

ओझरच्या अलीकडे सोपानशेठचं पॅकहाऊस आहे. जानेवारी ते एप्रिल तिथं बासष्ट बाया उभ्या असतात. डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, अंगात निळा एप्रन. परदेशी जाणारा माल, त्यामुळे एका हातात घड धरायचा, दुसऱ्या हातातल्या कात्रीनं चिरका, सडका, बारका मणी अलगद काढायचा आणि शेजारच्या मण्याला धक्का लावायचा नाही. प्रत्येक बाईला एक नंबर. जागेचा तोच, एप्रनचा तोच, कात्रीचा तोच. संध्याकाळी कात्र्या मोजून खोक्यात जातात. एक कमी भरली तर बासष्ट बाया जागेवर उभ्या, टेम्पो हलत नाही. सतरा नंबर साळुबाईचा. अठरा नंबर माझ्या अम्मीचा, म्हणजे हसीनाचा. साळुबाईचे टोमणे रोज गरमागरम आमच्या जुन्नरच्या घरी पोचायचे ते असे.

साळुबाईचं वय चोपन्न. नवरा कधीच गेला, मुलगी नांदायला गेली, घरात एक मांजर. त्यालाही टोमणे. बारा हंगाम तिनं सतरा नंबरला काढले. तिच्याइतका वेगानं घड कुणी साफ करत नव्हतं आणि तिच्याइतकं बायांना कुणी सोलत नव्हतं. शेठला तिनं 'वजनकाटा' नाव ठेवलं होतं, कारण तो 'म्हणजे कसंय ना' म्हणत आधी डावीकडं झुकतो, मग उजवीकडं झुकतो, आणि निर्णय मधल्यामधेच राहतो. ठमाबाई नाकात बोलते म्हणून ती 'पिपाणी'. माझी अम्मी 'सरपंच', कारण ती सगळ्यांची भांडणं सोडवायला जाते आणि एक नवीन लावून येते.

पण ओळीतली सावड साळुबाईच्याच हुकमानं चालायची. सावड म्हणजे शेतातली जुनी रीत: आज तुझ्या रानात आम्ही सगळ्या, उद्या आमच्या रानात तू. शेडमध्ये ती गुपचूप असायची. प्रत्येकीचे किती क्रेट झाले ते तासातासाला फळ्यावर लागतं. कुणी तापानं फणफणली असेल, हात चालत नसेल, तर डावी-उजवी बाई आपल्या साफ घडांतले दोन-दोन तिच्या क्रेटमध्ये सरकवायची. न बोलता, न बघता. फळ्यावर सगळ्या सारख्या. शेठला पत्ता नाही.

सावड कुणाला द्यायची आणि किती दिवस, ते साळुबाई ठरवायची. कायदाच होता तिचा. "तापाला सावड. बाळंतपणाला सावड. नवऱ्यानं मारलं तर दोन दिस. म्हातारपणाला न्हाई."

"का गं?" असं अम्मीनं एकदा विचारलं होतं.

"ताप उतरतोय. म्हातारपण उतरतंय व्हय? मग काय आपुन जल्मभर तिचे घड कापायचे?"

हा कायदा सखूबाईसाठी झाला होता. चार वर्षांपूर्वी सखूबाईच्या डोळ्यांत पडदा आला. घड नाकाशी नेऊन बघावा लागायचा, सडका मणी राहायला लागला, क्रेट घसरले. बायांनी अख्खा महिना सावड दिली. मग एक दिवस चहाच्या सुट्टीत साळुबाई उठली. तिनं चहाचा ग्लास नाकाला लावला, डोळे बारीक केले आणि घड हुंगल्यासारखा तो ग्लास हुंगत हुंगत सगळ्या बाकांवरून फिरली. "हां, हा गोड हाय... हा बी गोड... अगं बया, ह्यो तर चहा हाय!" शेड खदाखदा हसलं. सखूबाईसुद्धा हसली. सगळ्यात आधी तीच हसली, असं अम्मी सांगते. मग बाकीच्या हसत राहिल्या आणि तिचं थांबलं. दुसऱ्या दिवशीपासून तिच्या क्रेटमध्ये कुणी घड सरकवला नाही. आठवड्यात तिची जागा गेली. आता ती ओझरला देवळाच्या पार्किंगपाशी पेरू विकते.

गेल्या हंगामात साळुबाईचा उजवा हात थरथरायला लागला.

गंमत अशी की कामात थरथरायचा नाही. कात्री बोटांत गेली की हात जसा होता तसा, गपगार. थोडा सावकाश झाला होता, एवढंच. पण रिकामा मांडीवर ठेवला की सुरू. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, तंबाखू मळल्यासारखे. साळुबाई सुट्टीत त्या हातावर बसायला लागली. चहा डाव्या हातानं. तिची नकला करायची बैठक बंद झाली, कारण नकलेला दोन्ही हात लागतात. बायांना आठ दिवसांत सगळं कळलं. बाराव्या दिवशी फळ्यावर सतरा नंबर मागं पडला.

अम्मीनं त्या तासाला तिच्या क्रेटमध्ये दोन घड सरकवले.

साळुबाईनं घडांकडं बघितलं. मग घडांनाच म्हणाली, "वाट चुकलात का रं?"

"ताप हाय न्हवं तुला," अम्मी म्हणाली.

"व्हय," साळुबाई म्हणाली. तिनं पुढचा घड उचलला. अम्मी सांगते, साळुबाईनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून साळुबाईला ताप होता तो हंगाम संपेपर्यंत. पलीकडं सोळा नंबरला वृषाली होती, वीस वर्षांची, टाकळीची. तिला कात्री साळुबाईनंच शिकवली होती, रोज रडवून. तीसुद्धा दोन घड सरकवायची. पण ती सरकवताना मोजायची. ओठ हलायचे तिचे.

या हंगामात समृद्धी मॅडम आल्या.

झालं असं की परदेशातल्या माल घेणाऱ्यांनी शेठला कळवलं, नुसती द्राक्षं गोड नकोत, ती तोडणारे-कापणारे लोकही सुखात पाहिजेत, आणि सुखाचा पुरावा पाहिजे. शेठ डावीकडं झुकला, उजवीकडं झुकला आणि पुण्याहून मॅडम आणल्या. मॅडमचा आवाज काढायला एकदम सोपा: प्रत्येक वाक्य वर चढवायचं आणि टोकाला 'ओके?' ठेवायचं, साखरेच्या पाकात बुडवून. "इथं आपण सगळे एक कुटुंब आहोत, ओके? कुणीही कुणाला टोपणनावानं हाक मारायची नाही, ओके? आणि काहीही छान झालं की आपण काय करायचं? टाळ्या!" मॅडमनी भिंतीवर पिवळे हसरे चेहरे लावले. सकाळी टेम्पोतून उतरल्यावर प्रत्येकीनं आपल्या मनाचा चेहरा निवडून आपल्या नंबरवर चिकटवायचा. बाया बासष्टच्या बासष्ट हसरे चिकटवायच्या, कारण रडका चिकटवला की मॅडम पंधरा मिनिटं बोलायला घेऊन बसायच्या आणि तोवर क्रेट कोण भरणार?

मॅडम वाईट नव्हत्या. हे सांगायला पाहिजे, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसाला जमलंच नसतं. बायांना उभ्यानं पाय सुजतात म्हणून त्यांनी पायाखाली रबरी चटया घालून घेतल्या. संडासाला आतून कडी लावून घेतली. बारा वर्षं ती नव्हती, एक बाई आत आणि एक दाराला पाठ लावून बाहेर, असं चालायचं.

एक दिवस चहाच्या सुट्टीत मॅडम अचानक साळुबाईसमोर आल्या आणि दोन्ही हातांनी ग्लास पुढं केला. "मावशी, आज मी देणार चहा!" साळुबाईचा डावा हात डब्यात अडकलेला. उजवा काढावा लागला. ग्लास तिच्या हातात गेला आणि अर्धा चहा लुगड्यावर.

"अगंबाई, भाजलं का?" मॅडमनी हाताकडं बघितलं. साळुबाई लगेच त्या हातावर बसली.

"गरम व्हता लई," ती म्हणाली.

मॅडम हुशार. तिथं काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवलं. "उद्या मी एक फॉर्म देणार आहे. नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा नाही. तुमच्या शरीराला काय त्रास होतो, एवढंच लिहायचं. कुणाचे पाय दुखत असतील, कुणाचा हात... थरथरत असेल. लाजायचं नाही, ओके? आपण त्या ताईची काळजी घेऊ. तिला हलकं काम देऊ."

परतीच्या टेम्पोत एरवी कान किटतात. त्या दिवशी एकच विषय निघाला. हलकं काम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आधी खोकी दुमडायची, मग झाडू, मग घर.

"कुणीच लिहू नगा," ठमाबाई नाकातून म्हणाली.

"तिनं बघितलंय. कुणीच न्हाई लिहिलं तर ती हुडकत येईल," अम्मी म्हणाली. मग तिच्यातला सरपंच जागा झाला. "ऐका. एकीनं लिहिलं तर एक सापडंल. सगळ्यांनी लिहिलं तर? बासष्टच्या बासष्ट हात थरथरत्यात म्हणल्यावर कुणाकुणाला काढतील?"

बायांना पटलं. सावडच ती. घडांऐवजी दुखणं वाटून घ्यायचं, एवढाच फरक.

वृषाली म्हणाली, "पण हातावर सावड कधीपासून? तापाला असती न्हवं?"

सगळ्या साळुबाईकडं बघत होत्या. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाकडं काही मागायचं होतं, आणि खरं सांगायचं तर बायांना ते बघायचंही होतं. साळुबाई टेम्पोच्या फळीवर, हातावर बसलेली. तिनं तोंड बाहेर वळवलं आणि उसाच्या रानाला सांगितलं, "लिवा काय लिवायचं ते."

दुसऱ्या दिवशी बासष्ट फॉर्म पेटीत पडले. बासष्टांवर एकच वाक्य: उजवा हात लई थरथरतो. अम्मीनं तोंडी सांगितलं होतं, तेच सगळ्यांनी उतरवलं.

मॅडमचा चेहरा बघायला पाहिजे होता, अम्मी म्हणते. हसऱ्या पिवळ्यांच्या भिंतीखाली त्या पांढऱ्याफटक. बासष्ट बायांच्या नसा एकाच वेळी गेल्या म्हणजे नक्की काहीतरी भयंकर. औषधाची फवारणी? थंडी? शेठ तर डावीकडं झुकला तो उजवीकडं आलाच नाही. "म्हणजे कसंय ना मॅडम, हे तिकडं परदेशात कळलं तर माझा माल बंदरावरच सडंल." तिसऱ्या दिवशी पुण्याहून मेंदूचा डॉक्टर. सगळ्यांची तपासणी, मोफत.

बायांनी एवढा विचारच केला नव्हता. आता माघार कशी घ्यायची? टेम्पोत ठरलं: थरथरायचं.

थरथरल्या त्या. डॉक्टरनं हात पुढं करायला लावून प्रत्येकीच्या पंजावर वर्तमानपत्राचा कागद ठेवला, आणि शेडमध्ये वादळ आलं. ठमाबाईचा हात, मान, आणि तिचं बघून शेजारणीचीही मान. एकीच्या अंगात देवीच येते की काय असं वाटायला लागलं. माझी अम्मी दोन्ही हातांनी थरथरली, कमी पडायला नको म्हणून. साळुबाई एकटी दगडासारखी. तिच्या पंजावरचा कागद तसूभर हलला नाही. ती सगळा जीव त्या मनगटात आणून उभी होती, कपाळावर घाम.

डॉक्टर म्हातारा होता, हळू बोलणारा. तो हसला नाही. "बसा सगळ्याजणी," म्हणाला. "हात मांडीवर सैल सोडा. आता मला वर्षाचे महिने उलटे म्हणून दाखवा. मराठी, इंग्रजी, येतील ते. डोळे मिटून."

आता उलटे महिने म्हणजे डोक्याला ताप. कुणी 'डिसेंबर, नोव्हेंबर', कुणी 'शिमगा, माघ, पौष'. ऑगस्टाच्या आधी काय येतं यात बाया अडकल्या, भाद्रपदाशी गाडं घसरलं, आणि थरथरायचं राहूनच गेलं. एकेक हात मांडीवर शांत होत गेला. ठमाबाईची मान थांबली. अम्मीचे दोन्ही हात थांबले.

साळुबाईला महिने पाठ होते. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, ती खणखणीत म्हणत गेली. पण लक्ष महिन्यांकडं गेलं आणि मनगटाकडचं सुटलं. कार्तिकापाशी अंगठा हलला. आश्विनापाशी हात. श्रावणापर्यंत तर तिच्या हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. बाकीच्यांचे महिने एव्हाना संपले होते, अडले होते. शेडमध्ये दोनच आवाज: आषाढ, ज्येष्ठ, वैशाख, आणि बांगड्या.

सगळ्यांनी डोळे उघडले. तिनं सगळ्यात शेवटी.

आठ दिवसांनी तपासण्या होऊन आल्या. डॉक्टरनं शेठला आणि मॅडमना अम्मीसमोरच सांगितलं, औषध सुरू करा, आणि कामावरून काढू नका. काम करताना हात स्थिर राहतो त्यांचा, चालता राहिला तर बरंच.

"काढायचा प्रश्नच नाही!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. "पण कात्रीचं काम नको, डॉक्टर. उद्या काही लागलं तर? आमचं धोरणच आहे, माणूस आधी. मावशींना आपण पूर्ण विश्रांती देऊ. पगार तोच. ओके?"

तर साळुबाईला फाटकापाशी खुर्ची मिळाली. वर छत्री, गळ्यात पिवळा पट्टा, त्यावर 'स्वागत ताई'. काम एकच: येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून नमस्कार. दिवसभर रिकामा हात मांडीवर. ज्या हाताला फक्त काम गप्प करायचं, त्याला त्यांनी आठ तासांची सुट्टी दिली. आणि बसायला जागा कुठं, तर जिथून बाकीच्या बाया, ड्रायव्हर, शेतकरी, शेठचे पाहुणे, सगळे जातात तिथं.

चौथ्या दिवशी पेरूची पाटी घेऊन सखूबाई आली. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, आता लांबचं दिसतं. फाटकाबाहेर उभी राहिली, बराच वेळ बघितलं.

"काय गं साळू," ती म्हणाली, "मला टाटा करतीस व्हय?"

टेम्पोतल्या बाया हसल्या. हसू नये हे सगळ्यांना कळत होतं. साळुबाईनं नाकपुड्या फुगवल्या, जिभेनं 'च्यॅक' केलं, पण पुढचं वाक्य काही आलं नाही.

मार्चमध्ये मॅडमनी कामाच्या दिवशीच कुटुंबदिन ठेवला. आम्ही सगळी पोरंबाळं गेलो होतो, म्हणून हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलं. कॅलेंडर छापायचं होतं, परदेशी पाठवायला. 'आम्ही काळजी घेतो.' त्यावर साळुबाईचा फोटो. तिला नमस्काराला उभं केलं. फोटोवाल्यानं चार फोटो काढले, चारही वेळा हाताच्या जागी नुसता धूर. पाचव्याला तो वैतागला. "मॅडम, यांचा हात क्रॉप करू का?"

"तिच्या हातात कात्री द्या," अम्मी म्हणाली. माझ्या अम्मीला गप्प बसता येत नाही.

सतरा नंबरची कात्री आणायला माणूस गेला. सतराव्या जागेवर आता वृषाली होती. तिनं कात्री दिली आणि कमरेवर हात ठेवून वाट बघत उभी राहिली.

साळुबाईची बोटं कात्रीत गेली आणि हात थांबला. गाडीचं इंजिन बंद केल्यावर होते तशी शांतता. क्लिक. "सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "टाळ्या!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

माणसानं कात्री परत घ्यायला हात पुढं केला. साळुबाई त्याच्या बाजूनं निघून गेली. शेडमध्ये शिरली, पिवळ्या पट्ट्यासकट, सरळ सतराव्या जागेवर. क्रेटमधून घड उचलला. उजेडाकडं धरला, फिरवला. एक चिरका मणी काढला. एक बारका. सावकाश, पण शेजारचा मणी हलला नाही. मॅडम दारात थांबल्या, शेठ डावीकडं झुकून थांबला. तिनं दुसरा घड घेतला. मग तिसरा. ओळीतलं काम थांबलं होतं. तिच्यामागून आपल्या जागेवर आलेल्या अम्मीनं हळूच आपल्या क्रेटमधले दोन घड उचलले, तिच्या बाजूला सरकवायला.

"मावशी," वृषाली म्हणाली. ती साळुबाईकडं बघत नव्हती, तिच्या हातातल्या घडाकडं बघत होती. "तापाला सावड. म्हातारपणाला न्हाई."

अम्मीचा हात हवेतच राहिला. बाया खाली बघायला लागल्या.

साळुबाईनं हातातला घड पुरा केला. क्रेटमध्ये ठेवला. कात्री मिटली, टोक स्वतःकडं केलं आणि मूठ वृषालीकडं, बारा वर्षं सगळ्यांना शिकवली होती तशी. वृषालीनं ती घेतली आणि साळुबाईचा हात लगेच सुरू झाला.

जाता जाता ती वृषालीच्या भरलेल्या क्रेटपाशी थांबली. जिभेनं 'च्यॅक' केलं.

"खालच्या थरात सडका मणी गेलाय तुझा," ती क्रेटला म्हणाली. "डावीकडं."

आणि फाटकाकडं चालायला लागली. वृषालीनं क्रेट उपसला. सगळ्यात खाली, डावीकडं, होता.